कागदाला हात दिसत नाहीत

शेजारी बसून मणीकाम शिकवताना निम्मं काम डोळेच करतात. समोरच्याची सुई चुकीच्या मण्याकडे वळली की आपण नुसतं ‘अंहं’ म्हणतो आणि हात थांबतो. दोरा ढिला पडलेला दिसला की आपलं बोट आपोआप पुढे जातं. आपण काय बोललो, कुठल्या शब्दांत बोललो, याला फारसं महत्त्व उरत नाही; शब्द कमी पडले तर हात ते भरून काढतात. तेच कागदावर लिहायला बसलं की ही सगळी सोय एकदम जाते. कागदाला हात दिसत नाहीत. तिकडे कुणाचा दोरा गुंतलेला असो, पट्टी उलटी झालेली असो, एक मणी जास्तीचा ओवला गेलेला असो; कागद आपला पुढची ओळ सांगून मोकळा.

मी बारीक मण्यांचं विणकाम करते आणि नवशिक्यांसाठी त्याच्या कृती लिहिते. दोन्ही कामं मला सारखीच प्रिय आहेत, पण दुसरं जास्त अवघड आहे. लिहिता लिहिता एक गोष्ट मनात पक्की बसत गेली. सुई कुठून कुठे न्यायची एवढं सांगितलं म्हणजे कृती पुरी होत नाही. वाचणाऱ्याला स्वतःच्या हातातलं काम पाहून ‘जमलं’ की ‘चुकलं’ हे स्वतःच ठरवता आलं पाहिजे. तेवढी नजर कृतीने द्यायला हवी. ती मिळाली तर माणूस चुकला तरी सावरतो. नाही मिळाली तर बरोबर चाललेलं कामसुद्धा शंकेपोटी उसवून टाकतो आणि मण्यांची डबी कपाटात जाते ती जातेच.

नीट पत्ता सांगणारी माणसं ‘डावीकडे वळा, मग सरळ’ एवढ्यावर थांबत नाहीत. वळलात की उजव्या हाताला पाण्याची टाकी दिसेल, आणि पूल लागला तर समजा पुढे गेलात, हेही सांगतात. मण्यांच्या कृतीतही प्रत्येक पायरीला अशी टाकी हवी आणि असा पूल हवा.

म्हणून मी लिहिते त्या प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला एक वाक्य असतं: आत्ता दोरा कुठल्या मण्यातून बाहेर आलेला आहे. आणि शेवटी एक: आता काय दिसायला हवं. ज्याला काम येतं त्याला ही दोन्ही वाक्यं पाल्हाळ वाटतात. त्याच्या बोटांना ते ठाऊकच असतं, इतकं ठाऊक की हे सांगण्यासारखं काही आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. पण नवशिक्याचा गोंधळ नेमका याच दोन जागी होतो. सुई मण्यातून घालणं कुणालाही जमतं. कुठल्या मण्यातून, कुठल्या बाजूने, आणि घातल्यावर जे झालं ते ठीक का, हे प्रश्न खरे.

पेयोटी टाक्याचं उदाहरण घेते, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. सपाट पट्टी, सम संख्येचे मणी. त्याची सगळी कृती एका वाक्यात सांगण्याचा प्रघात आहे: एक मणी घ्या, एक सोडा, पुढच्यातून सुई काढा. या वाक्यात खोट काही नाही. पेयोटी येणाऱ्याला ते वाचून सगळं आठवतं. पण न येणाऱ्याच्या हातात या क्षणी दहा मणी ओवलेला एक दोरा आहे, तो लोंबतोय, आणि वरती मथळा आहे ‘ओळ तिसरी’. पहिल्या दोन कुठे गेल्या? त्याने तर एकच ओळ ओवली. ‘एक सोडा’ म्हणजे कुठला, आत्ता सुईवर घेतलेला की त्याच्या आधीचा? आणि ‘पुढचा’ म्हणजे सुईच्या दिशेचा की सुरुवातीच्या टोकाकडचा? एका साध्या वाक्यात एवढ्या फटी.

पहिली फट बुजवायची तर कारण सांगावं लागतं. सुरुवातीला ओवलेले दहा मणी हेच पहिली आणि दुसरी ओळ मिळून आहेत. तिसरी ओळ घालताना दोरा ओढला की हे मणी एकाआड एक वर-खाली सरकतात आणि एका सरळ सराच्या दोन ओळी होतात. हे आधीच लिहून ठेवलं की मण्यांची ती हालचाल पाहून कुणी दचकत नाही. उलट तिचीच वाट पाहतो.

दुसऱ्या फटीसाठी मी रंग वापरते. पांढरा, निळा, पांढरा, निळा असे आळीपाळीने दहा मणी ओवायला सांगते, म्हणजे शेवटचा निळा येतो. तिसऱ्या ओळीसाठी पिवळे. आता लिहायला जमीन मिळते. ‘दोरा शेवटच्या निळ्यातून बाहेर आला आहे. एक पिवळा मणी ओवा. तो निळा सोडून त्याच्या लगतच्या पांढऱ्यात सुई घाला. सुईचं तोंड सुरुवातीच्या टोकाकडे. दोरा ओढा. पिवळा मणी निळ्याच्या डोक्यावर बसेल.’ हेच आणखी चार वेळा. मग ती पुलाची खूण: ‘या ओळीत सुई फक्त पांढऱ्यातून जाते. निळ्यात शिरली तर तिथेच थांबा.’ आणि ओळ संपल्यावर टाकी: ‘दोरा अगदी पहिल्या पांढऱ्यातून बाहेर आलेला असेल. वरच्या कडेला पाच पिवळे दात वर आलेले दिसतील आणि मधे मधे खाचा.’

इथे एक बारीक जागा आहे, तिच्यावर मी नेहमी थांबते. चौथ्या ओळीपासून ‘एक सोडा’ हे शब्द मी काढूनच टाकते. हिशेबाने पाहिलं तर मणी अजूनही सोडला जातोय, पण आता डोळ्यांना तसं दिसत नाही. डोळ्यांना दात आणि खाच दिसते. मग तेच लिहावं: खाचेत नवा मणी, पुढच्या दातातून सुई. ओळीचा पहिला मणी मात्र खाचेत नसतो. तो कडेच्या पांढऱ्यावर बसतो, त्याच्या एकाच अंगाला दात असतो, दुसरं अंग मोकळं. हे एक वाक्य राहून गेलं की वळणावरचा मणी निसटतो, आणि पुढच्या ओळींत पट्टी एका बाजूने निमुळती होत जाते. वाचणाऱ्याला वाटतं आपला हात कच्चा आहे. हाताचा त्यात काही दोष नसतो.

सुरुवातीला दोरा अडवायला जो वेगळा मणी घालतात, स्टॉप बीड, त्याच्याबद्दलही असंच. तो इतर मण्यांपेक्षा मोठा आणि रंगाने अगदी परका असावा. सुई त्यातून एकाच दिशेने दोनदा न्यायची, आधीच्या दोऱ्याला न भोसकता. तो मोजणीत धरायचा नाही, आणि काम संपलं की काढून टाकायचा. ही शेवटची दोन वाक्यं बऱ्याच कृतींत नसतात. मग तिसऱ्या ओळीच्या शेवटी कुणीतरी पहिल्या पांढऱ्याबरोबर त्यातूनही सुई आरपार नेतं आणि तो तिथे कायमचा अडकून बसतो.

आणखी एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं, ते सुईबद्दल नाहीच. पेयोटीच्या पहिल्या तीन-चार ओळी बोटांत पिळा खातात. पट्टी पलटते, मणी भलतीकडे तोंड करतात, धरायला काही हाती लागत नाही. नवशिक्या माणूस इथे सोडून देतो. तेव्हा तिथेच लिहावं: ‘पट्टी आत्ता पिळा खाईल. सगळ्यांचीच खाते. चटईवर सपाट ठेवून सुरुवातीचं टोक अंगठ्याखाली दाबा. दोन-तीन ओळी वाढल्या की ती आपली आपण सरळ राहील.’ एवढं वाचलं की माणूस आणखी दोन ओळी घालतो, आणि तेवढ्यात पट्टी खरंच स्थिरावते.

ओळी मोजायची रीतही तिथेच सांगावी, कारण पेयोटीत ओळी सरळ आडव्या दिसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन उभ्या रांगांतले मणी मोजून बेरीज केली की तेवढ्या ओळी झाल्या. विषम संख्येच्या मण्यांची पट्टी मी पहिल्या कृतीत आणतच नाही. तिथे एका कडेला वळताना शेवटच्या मण्याला आधार द्यायला पुढचा दातच नसतो, दोरा आतून फिरवून आणावा लागतो, आणि त्या एका वळणापायी सगळा धडा झाकोळून जातो.

आता वाचण्याबद्दल. मण्यांची कृती वाचणारा माणूस कागद हातात धरू शकत नाही. डाव्या हाताच्या चिमटीत काम, उजव्या हातात सुई, दोन्ही गुंतलेले. कागद कात्रीखाली दाबून ठेवलेला. तो एक घोट वाचतो, मनात धरतो, मान वळवून हातातलं काम करतो, आणि पुन्हा कागदाकडे येतो तेव्हा आपण कुठे होतो ते शोधतो. लेख वाचणं आणि कृती वाचणं यांत हा मोठा फरक आहे. वाक्य किती लांब असावं हे इथे कानाने ठरत नाही. सुई खाली जाऊन परत येईपर्यंत डोक्यात जेवढं राहतं, तेवढंच वाक्य.

हे मी भाचीला पाहून शिकले. नवी कृती लिहून झाली की ती मी तिच्यापुढे ठेवते आणि समोर बसते. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, चेहऱ्यावरही काही आणायचं नाही. हे पथ्य मोठं कठीण जातं. एकदा ती पिवळ्या मण्यांच्या ओळीवर होती. वाचताना ओठ हलत होते. मान खाली गेली आणि ती पुटपुटायला लागली: पिवळा ओव, निळा सोड, पांढऱ्यात. पिवळा ओव, निळा सोड, पांढऱ्यात. माझं दोन ओळींचं वाक्य तिने आपल्यापुरतं तोडून, घोटून घेतलं होतं, आणि त्या ठेक्यावर सुई चालू होती. ओळीच्या टोकाशी आल्यावर मात्र ठेका अडला. तिने कागदावर बोट ठेवलं, वर पाहिलं आणि विचारलं, “मावशी, हे कुठवर एका दमात करायचं?”

त्या प्रश्नावरून माझ्या कृतीतल्या पायऱ्या कुठे तुटायच्या ते ठरलं. पायरी दर वळणाशी संपते. परिच्छेदाची लांबी, पानाची शोभा, काहीही आड येऊ द्यायचं नाही. दोरा कडेला पोचला की पायरी संपली, आणि पुढची नव्या ओळीवर ‘दोरा आत्ता...’ असं म्हणत सुरू. तिचा तो ठेकाही मी जसाच्या तसा कृतीत घेतला आहे, सविस्तर वाक्याच्या खाली, वेगळ्या ओळीत. आधी समजून घ्यायला एक वाक्य, मग हाताला चालवायला एक. दोन्ही लागतात.

शब्दांच्या बाबतीत कृती लिहिणाऱ्याला एक सवय मोडावी लागते. शाळेपासून आपल्याला सांगितलेलं असतं की तोच तो शब्द पुन्हा वापरू नये. इथे तोच शब्द पुन्हा वापरायचा, न कंटाळता. माझ्याकडे नव्या मण्यासाठी ‘ओवा’ आणि कामात आधीच बसलेल्या मण्यासाठी ‘सुई घाला’, असा पक्का करार आहे. एका जागी ‘ओवा’, दुसऱ्या जागी ‘घ्या’, तिसऱ्या जागी ‘उचला’ असं लिहिलं तर वाचणारा विचारात पडतो की या तीन वेगळ्या क्रिया आहेत काय. आणि ‘मण्यातून ओवा’ असं काही लिहून गेलं तर विचारूच नका. नवा मणी की जुना, दोन्ही अर्थ लागतात. टाक्यांच्या नावांवरही फार विसंबू नये. ब्रिक स्टिचला कुणी चेयेन स्टिच म्हणतं, कुणी कोमांची. हेरिंगबोनला दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले लोकांवरून एन्डेबेले स्टिचही म्हणतात. नाव द्यावं, पण त्याखाली तयार पट्टीचं चित्र द्यावंच.

दिशा हे तर स्वतंत्र दुखणं. ‘डावीकडे’, ‘वरती’, ‘घड्याळाच्या दिशेने’ हे शब्द काम स्थिर असेल तरच खरे. पण कुणी दर ओळीला काम पलटतं, कुणी पलटत नाही, आणि पलटलं की घड्याळ उलटं फिरायला लागतं. राइट अँगल वीव्हमध्ये हे फार जाचतं. तिथे चार मण्यांचा एक चौकोन, पुढच्या चौकोनाला एक सामाईक मणी आणि तीन नवे, आणि प्रत्येक चौकोनागणिक दोऱ्याची फिरण्याची दिशा बदलते. एका चौकोनातून समोरच्या मण्यात दोरा सरळ आडवा कधीच टाकायचा नाही. नेहमी शेजारच्या मण्यातून वळून जायचं. हे सगळं ‘उजवीकडून डावीकडे’ अशा भाषेत लिहिलेलं वाचणं ही शिक्षा आहे. त्यापेक्षा कामातल्याच खुणा पकडाव्यात: सुरुवातीचं टोक, सामाईक मणी, मोकळा मणी. ‘तीन मणी ओवा. दोरा ज्या मण्यातून बाहेर आला होता त्याच मण्यात मागच्या बाजूने सुई घाला. मग नव्यापैकी पहिल्या दोनांतून पुढे जा. दोरा आता टोकाच्या मोकळ्या मण्यातून बाहेर आला आहे.’ ही वाक्यं काम कसंही धरा, खरीच राहतात. डावखुऱ्यांनाही ती तशीच लागू पडतात, त्यांना ‘सगळं उलटं वाचा’ म्हणून सांगायची वेळ येत नाही. आणि खूण सोपी: चौकोनाच्या मधोमध दोरा आडवा दिसला की कुठेतरी सरळ उडी मारली गेली.

ब्रिक स्टिचचंही एकच वाक्य जपायचं: सुई मण्यातून नाही, तर खालच्या दोन मण्यांना जोडणाऱ्या दोऱ्याच्या पुलाखालून जाते, आणि मग नव्या मण्यातून उलटी वर येते. चित्रात तो पूल जाड रेघेने दाखवावा.

चित्रांबद्दल माझी मतं ठाम आहेत. एका चित्रात एकच ओळ. जुने मणी फिके, नवे मणी ठळक. दोरा जिथून निघतो तिथे एक ठिपका, जिथे थांबतो तिथे बाण. आधीच्या ओळींतून गेलेला दोरा दाखवूच नये, नाहीतर चित्राचं जाळं होतं. आणि रंगांवरच सगळं सोडू नये. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात, कागद काळ्या-पांढऱ्यात छापला जातो, आणि वाचणाऱ्याच्या डबीत आपल्याला हवे तेच रंग असतील असंही नाही. मण्यांवर क, ख, ग अशी अक्षरं घालावीत आणि रंग सोबतीला.

दोऱ्याच्या ताणाविषयी ‘घट्ट ओढा, पण फार घट्ट नाही’ असं लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलं आहे की मला त्या वाक्याचा राग येतो. फार म्हणजे किती? ताण शब्दांत मावत नाही हे मान्य, पण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तो लिहावा. पट्टी चटईवर ठेवली की दोन मण्यांच्या मधे दोरा दिसला, तर ढिला. पट्टी बोटावर टाकली आणि ती वळायला तयार नाही, कडा वाटीसारख्या आत येतात, तर जास्त घट्ट. दोरा दिसत नाही आणि पट्टी बोटावरून ओघळते, तर बरोबर. सारख्या नंबरच्या मण्यांतही जाड-बारीक असतात. फार जाड किंवा फार चपटे मणी बाजूला काढत जायचं. हे सांगितलं नाही तर पट्टीला आलेली लहर ताणाच्या माथी मारली जाते.

आता ज्या भागाला कृतींमध्ये जागाच मिळत नाही, तो भाग. उसवणं. नवशिक्या माणूस विणतो त्याच्या बरोबरीने उसवतो, आणि ते कसं करायचं हे त्याला कुणी सांगत नाही. तो सुई तशीच उलटी फिरवून मण्यांतून मागे नेतो. मण्याच्या भोकात आधीच दोन-तीन पदर असतात, सुई त्यांतल्या एकात घुसते, दोरा चिरला जातो, आणि मग ना पुढे ना मागे. म्हणून सुरुवातीलाच, पहिल्या टाक्याच्याही आधी, मी हे लिहिते: चूक दिसली की सुईच्या नेढ्यातून दोरा काढून घ्या. सुईच्या टोकाने शेवटचा टाका हळूच उचला, दोरा मण्यातून मागे ओढा. मग त्याच्या आधीचा. चुकीच्या मण्यापर्यंत मागे आलात की पुन्हा दोरा सुईत ओवा. सुई कुठल्याही मण्यात अडली तर पकडीने ओढू नका, काच तडकते. तिथून मागे या आणि बारीक सुई घ्या.

हा परिच्छेद सुरुवातीला ठेवण्यामागे कारण आहे. उसवता येतं हे माहीत असलेला माणूस सैल हाताने काम करतो. नाहीतर प्रत्येक टाका म्हणजे परत न येणारी वाट वाटते, बोटं आखडतात, दोरा जरुरीपेक्षा घट्ट होतो. जास्तीचा एखादा मणी फोडून काढायची युक्ती जाणकार वापरतात. ती मी नवशिक्यांच्या कृतीत देत नाही. पकडीने फोडताना काच डोळ्यांकडे उडते आणि तुटलेली कड आतला दोरा कापू शकते. चार टाके उसवणं बरं.

दोरा संपतो तेव्हा काय करायचं, हेही असंच विसरलं जातं. दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या लांबीचा दोरा सुरुवातीला पुरे. त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. म्हणजे मोठ्या कामात नवा दोरा जोडावा लागणारच, आणि तो कुठल्या ओळीच्या आसपास लागेल हे कृतीत लिहिलेलं असावं. टीचभर दोरा उरला की थांबा. नवा दोरा काही ओळी मागे जाऊन, विणीच्याच वाटेने, एक-दोनदा दिशा बदलत पुढे आणा आणि जुना ज्या मण्यातून बाहेर आला आहे त्याच मण्यातून, त्याच बाजूने बाहेर काढा. जुन्याचं टोक नंतर तसंच विणीत फिरवून संपवा. गाठ मारायची तर दोन मण्यांच्या मधे. मण्याच्या भोकात गाठ शिरली की तिथून पुन्हा सुई जात नाही.

साहित्याची यादी कृतीच्या माथ्यावर असते, पण मी ती सगळ्यात शेवटी लिहिते, कुणीतरी ती कृती पूर्ण करून दाखवल्यानंतर. या यादीत आकड्यांचे दोन चकवे आहेत. मण्यांचा नंबर वाढला की मणी लहान होतो: ६/० चा मणी सुमारे ४ मिलिमीटर, ८/० सुमारे ३, ११/० सुमारे २, आणि १५/० सुमारे दीड. सुयांचंही तसंच, १२ नंबरची सुई १० पेक्षा बारीक. नवखा माणूस मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू समजून १५/० घेऊन येतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून नंबराशेजारी मिलिमीटर लिहायचेच. पहिल्या सरावाला ८/० चे मणी आणि १० ची सुई. दोऱ्याचं नाव नुसतं ‘नायलॉन’ असं न लिहिता जो वापरला तोच लिहायचा. नायमो मऊ असतो आणि ताणला जातो. फायरलाइन मुळात मासेमारीची दोरी, ती ताणली जात नाही, पण चांगल्या कात्रीची धार घालवते, तेव्हा तिच्यासाठी जुनी कात्री ठेवायला सांगावं.

राहिला मण्यांचा हिशेब. ‘एक पाकीट’ असं लिहू नये, पाकिटं सारखी नसतात. समजा मियुकी या जपानी कंपनीचे ११/० डेलिका मणी आहेत, म्हणजे गोल नव्हे, नळीसारखे सरळ कडांचे, १० मणी रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब पट्टी करायची आहे. या मण्याची जाडी १.६ मिलिमीटर. पेयोटीत उभ्या रांगेत मणी एकावर एक बसतात, तेव्हा १५० मिलिमीटरला एका रांगेत सुमारे ९४ मणी, दहा रांगांना ९४०. एका ग्रॅममध्ये हे मणी साधारण २०० बसतात, म्हणजे ५ ग्रॅमला थोडे कमीच. वाकडेतिकडे निघतात ते, सांडतात ते, आणि सरावाचा तुकडा धरून मी यादीत ७ ग्रॅम लिहिते. गोल ११/० मणी वापरायचे असतील तर हा हिशेब नव्याने मांडायचा, कारण ते ग्रॅममध्ये साधारण ११० च बसतात आणि पट्टीची रुंदीही बदलते. तीन रंग असतील तर प्रत्येकाचे ग्रॅम वेगळे द्यायचे, आणि क, ख, ग ही अक्षरं यादीतही तीच ठेवायची जी चित्रात आहेत.